दुकानांच्या किमती आपल्या साइटवर: काय उचलता येतं, काय नाही, आणि दाखवायचं कसं?

पावशेर (धागाकर्ता)

भारतातल्या ऑनलाइन दुकानांच्या किमती शेजारी-शेजारी दाखवणारी मराठी साइट करायची आहे. आवाका असा: मोबाइल, घरगुती उपकरणं आणि थोडा किराणा. साधारण २० हजार वस्तू, ६ दुकानं. विक्री आपल्याकडे नाही. ग्राहक दुव्यावरून दुकानात जाणार आणि आपल्याला ॲफिलिएट कमिशन मिळणार.

किंमत तर सगळ्यांना दिसते, मग ती घ्यायला परवानगी लागते का? दुकानाचा एपीआय (यंत्राला थेट माहिती देणारी अधिकृत सोय) नसेल तर पान वाचून, म्हणजे स्क्रेप करून, चालेल का? फोटो आणि वर्णनाचं काय? आणि किंमत किती जुनी झाली की दाखवू नये? कलम आणि आकड्यासकट सांगा. 'सगळेच करतात' हे उत्तर माहीत आहे.

---

काळाकोट

किंमत ही नुसती वस्तुस्थिती आहे, तिच्यावर कुणाचा कॉपीराइट नाही. अमुक फ्रिज तमुक दुकानात ₹२४,९९० ला आहे, हे कुणीही सांगू शकतं. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या डिसेंबर २००७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की संकलनाला कॉपीराइट मिळायला नुसते कष्ट आणि खर्च पुरत नाहीत, थोडी तरी सर्जकता लागते. शिवाय डेटाबेसवरचा युरोपातल्यासारखा स्वतंत्र हक्क आपल्याकडे नाही.

पण इथे थांबू नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम २(ओ) मध्ये 'साहित्यकृती'च्या व्याख्येतच तक्ते, संकलनं आणि संगणकीय डेटाबेस आहेत. सुट्या किमती घेणं वेगळं. दुकानाची निवड, वर्गवारी, फिल्टरची मांडणी आणि 'ठळक वैशिष्ट्ये' सगळं जसंच्या तसं उतरवणं वेगळं.

आणि खरी अडचण कॉपीराइटची नाहीच, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ ची आहे. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातून डेटा, डेटाबेस किंवा माहिती डाउनलोड केली, तिची नक्कल केली किंवा ती काढून घेतली तर नुकसानभरपाई द्यावी लागते. हेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भरपाईचा दावा ५ कोटींपर्यंत असेल तर तो राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतो. त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावं लागत नाही, म्हणून नोटिशीत हे कलम हमखास असतं.

---

गिरणगाव

पण पान लॉगिनशिवाय उघडतं, गूगललाही दिसतं. म्हणजे परवानगी दिलीच की. अमेरिकेत लिंक्डइन याच मुद्द्यावर हरली ना?

---

काळाकोट

@गिरणगाव, त्या खटल्याची अर्धीच गोष्ट सगळीकडे फिरते. हायक्यू (लिंक्डइनची खुली पानं स्क्रेप करणारी कंपनी) विरुद्ध लिंक्डइनमध्ये एप्रिल २०२२ ला अपील न्यायालयाने म्हटलं की सगळ्यांना खुली असलेली पानं वाचणं हे तिथल्या संगणक-गैरवापर कायद्याखाली 'विनापरवाना प्रवेश' बहुधा ठरत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खालच्या न्यायालयाने हायक्यूने वापरकर्ता कराराचा भंग केला असा निकाल दिला. संगणक-गैरवापराच्या बाजूने वाचलेला माणूस कराराच्या बाजूने अडकला.

आपल्या कलम ४३ मध्ये 'उघडं पान' असा अपवाद लिहिलेला नाही. गर्भित परवानगीचा युक्तिवाद करता येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. पण वापरअटींत 'रोबोट, स्क्रेपर चालणार नाहीत' असं लिहिलेलं असेल तर तो पातळ होतो. लेखी नोटीस हातात पडल्यावर तर जवळजवळ संपतो.

हेतू कशावरून ठरवतात तेही बघा. लॉगिन करून आतले भाव काढणं, कॅप्चा सोडवून घेणारी सेवा लावणं, ब्लॉक झाल्यावर आयपी बदलत राहणं, ब्राउझर असल्याचं सोंग घेणं, मोबाइल ॲपच्या आतला एपीआय टोकन काढून वापरणं. यातलं काहीही केलं तर 'आम्हाला मनाई माहीत नव्हती' असं म्हणायची सोय राहत नाही.

---

बॅकएंडचा बंड्या

वर काळाकोट साहेबांनी भीती घातलीच आहे, आता हिशोब बघू.

क्रम असा ठेवा. आधी ॲफिलिएट एपीआय किंवा दुकानाने दिलेली फीड, म्हणजे वस्तू-किमतींची तयार फाइल. ती नसेल तर दुकानाला लेखी विचारणा. तेही जमलं नाही तर किंमत न दाखवता नुसता दुवा: 'या दुकानात पाहा'. पान वाचायचं ते फक्त जिथे अटी आणि रोबोट्स फाइल (यंत्रांनी कुठली पानं वाचू नयेत हे सांगणारी साइटवरची फाइल) दोन्ही आड येत नाहीत तिथे.

ॲमेझॉनच्या जुन्या प्रॉडक्ट ॲडव्हर्टायझिंग एपीआय ५.० चं उदाहरण घ्या, कारण बहुतेकांची सुरुवात तिथून होत असे. नव्या खात्याला सेकंदाला १ आणि दिवसाला ८,६४० विनंत्या मिळत. एका विनंतीत १० वस्तू. २० हजार वस्तूंची एक फेरी म्हणजे २,००० विनंत्या, सेकंदाला एक धरून सुमारे ३३ मिनिटं. दिवसात पूर्ण ४ फेऱ्या बसतात, पाचवीला कोटा संपतो आणि ४२९ ('फार विनंत्या झाल्या' हा नकार) येतो. पहिल्या ३० दिवसांनंतर कोटा तुमच्या दुव्यांवरून झालेल्या विक्रीवर ठरत असे. विक्रीच नसेल तर एपीआय बंदही होत असे.

म्हणून सगळ्या वस्तूंना सारखं वागवू नका. सर्वाधिक क्लिक होणाऱ्या ५०० वस्तू तासाला एकदा: ५० गुणिले २४, म्हणजे १,२०० विनंत्या. उरलेल्या १९,५०० वस्तू दिवसातून तीनदा: १,९५० गुणिले ३, म्हणजे ५,८५०. बेरीज ७,०५०. उरलेल्या १,५९० विनंत्या ग्राहकाने वस्तूचं पान उघडताक्षणी किंमत ताजी करायला राखून ठेवा.

ॲमेझॉनच्या कराराची अट अशी की तासाला एकदापेक्षा कमी वेळा ताजी होणारी किंमत दाखवायची तर तिच्या शेजारीच वेळ द्यावी लागते. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दिलेली चालत नाही. किंमत २४ तासांहून जास्त साठवून वापरायची नाही. त्यामुळे ओळ अशी दिसली पाहिजे:

₹१८,४९० · आज सकाळी ११:४० ला पाहिलेली किंमत · दुकानात बदललेली असू शकते

आणखी एक, जे लोक वाचतच नाहीत: किमतीचा आलेख आणि 'भाव उतरला की कळवा' या सोयी त्याच ॲफिलिएट कार्यक्रमात लेखी संमतीशिवाय वर्ज्य आहेत. म्हणजे तुलनेच्या साइटचं जे मुख्य आकर्षण, तेच. एपीआयची आवृत्ती बदलली की आकडे आणि अटीही बदलतात, म्हणून कराराची प्रत तारखेसकट जपून ठेवा.

---

चहा-बिस्किट

रोबोट्स फाइलमध्ये दहा सेकंदांचा क्रॉल-डिले, म्हणजे दोन विनंत्यांमधला थांबा, दिला असेल तर तो पाळणं बंधनकारक आहे का?

---

बॅकएंडचा बंड्या

क्रॉल-डिले मानकात नाहीच. रोबोट्सची पद्धत १९९४ पासूनची, पण तिचं अधिकृत मानक आरएफसी ९३०९ सप्टेंबर २०२२ मध्ये आलं. क्रॉल-डिले त्याबाहेरचा असला तरी पाळा. दुकानदाराने सांगितलेला वेग आहे तो, वाद घालून काय मिळणार?

मानकात जे आहे त्यातही लोक चुकतात. फाइल मागितल्यावर ४०४ ('सापडली नाही') आला तर वाचायला आडकाठी नाही. ५०० किंवा ५०३ (सर्व्हरचाच बिघाड) आला तर मात्र सगळंच बंद असं धरायचं. बरेच स्क्रेपर दोन्ही चुका एकाच कोष्टकात टाकतात आणि दुकानाचा सर्व्हर आधीच गुडघ्यावर आलेला असताना वरून धडका देतात. फाइलची साठवलेली प्रत २४ तासांपेक्षा जुनी वापरायची नाही. दोन नियम लागू होत असतील तर जास्त लांब मार्ग जुळणारा जिंकतो, आधी लिहिलेला नव्हे.

बाकी शिस्त नेहमीची. एका दुकानावर एका वेळी एकच जोडणी. यूजर-एजंटमध्ये (विनंतीसोबत जाणारी ओळख) साइटचं नाव आणि संपर्काचं पान. ४२९ सोबत 'रिट्राय-आफ्टर' (किती वेळाने पुन्हा या) आला तर तेवढं थांबणं, नसेल तर दरवेळी थांबा दुप्पट. ई-टॅग (पानाच्या आवृत्तीची खूण) जपून ठेवला तर न बदललेल्या पानाला ३०४ ('बदल नाही') मिळतो आणि दोघांचीही बँडविड्थ वाचते. दुकानाचा सेल सुरू होतो त्या मध्यरात्री क्रॉलर (पानं वाचणारा प्रोग्रॅम) बंदच ठेवा.

---

काळाकोट

पुरवणी: त्याच मानकात स्पष्ट लिहिलं आहे की हे नियम म्हणजे प्रवेशाची अधिकृत परवानगी नव्हेत. रोबोट्समध्ये मनाई नाही म्हणून वापरअटींतली मनाई पुसली जात नाही. उलट, फाइलमध्ये मनाई असेल तर मात्र ती तुमच्या विरुद्ध पुरावा होते.

वेगाचाही कायद्याशी संबंध आहे. ईबे विरुद्ध बिडर्स एजमध्ये, मे २००० मध्ये, लिलावांच्या किमती एकत्र दाखवणाऱ्या साइटला अमेरिकन न्यायालयाने मनाई केली ती कॉपीराइटवर नव्हे, तर दुसऱ्याच्या मालमत्तेत ढवळाढवळ या मुद्द्यावर. दिवसाला सुमारे एक लाख भेटी होत्या. आपल्याकडे कलम ४३ मध्येच संगणकाच्या कामात व्यत्यय आणणं हे वेगळं पोटकलम आहे.

---

मापात_पाप

किमतीवर एवढा खल चाललाय, पण ती कशाची किंमत? तुलनेच्या साइटी खऱ्या फसतात त्या इथे.

किराण्यात तेल घ्या. समजा एक पिशवी ८७० ग्रॅमची ₹१४५ ला, दुसरी ९१० ग्रॅमची ₹१४९ ला. दोन्हींवर नावं सारखी, चित्रं सारखी. साइट पहिलीला 'सर्वात स्वस्त' म्हणणार. १०० ग्रॅमला भाव काढा: पहिली ₹१६.६७, दुसरी ₹१६.३७. पाकीटबंद वस्तूंच्या वैधमापन नियमांत एकक विक्री किंमत छापायची तरतूद आहेच: १ किलोच्या आतल्या पाकिटावर प्रतिग्रॅम, वरच्यावर प्रतिकिलो. किराण्याचा क्रम त्याच आकड्यावर लावा.

कमाल किरकोळ किंमत ही सर्व करांसह असते. म्हणजे जीएसटी वरून मिळवायचा नाही. आणि किंमत एमआरपीपेक्षा जास्त आली तर ती दाखवू नका, आधी पाकिटाची संख्या तपासा. दहातल्या नऊ वेळा 'दोन पाकिटांचा संच' एका पाकिटाशी जुळवलेला निघतो.

जुळणी बारकोडवरून करा, नावावरून नको. १३ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक पडताळणीचा असतो. नमुना म्हणून ८९०१२३४५६७८९० घ्या. पहिल्या १२ अंकांना डावीकडून आलटून-पालटून १ आणि ३ ने गुणायचं: ८+२७+०+३+२+९+४+१५+६+२१+८+२७ = १३०. पुढच्या दहाच्या पटीला कमी पडतात ०, म्हणून शेवटचा अंक ०. फीडमधला अर्धा कचरा या एका तपासणीत गळतो. एक्सेलमधून गेलेल्या फीडमध्ये शेवटचे अंक शून्य झालेले असतात, तेही यातच बरेचसे सापडतात.

(अवांतर: ८९० ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे 'भारतात बनलेलं' नव्हे. क्रमांक जीएसवन इंडिया या बारकोड देणाऱ्या संस्थेने दिला, एवढंच. त्यावरून 'स्वदेशी' असा शिक्का मारू नका, मूळ देश वेगळा द्यावा लागतो.)

---

गिरणगाव

मोबाइलला बारकोड कुठे मिळतो? दुकानं देतच नाहीत.

---

बॅकएंडचा बंड्या

मग ब्रँड, मॉडेल क्रमांक, रॅम, साठवण आणि अवस्था, हे पाचही जुळले तरच जोडी. रंग वेगळा ठेवा, कारण एकाच फोनचा निळा हजाराने स्वस्त असतो. 'अवस्था' विसरलात तर नूतनीकृत फोन नव्याच्या शेजारी बसतो आणि दिवसभर सर्वात स्वस्त म्हणून मिरवतो.

आता आकडा वाचण्याबद्दल. परदेशी लायब्ररी हजारांचा स्वल्पविराम दर तीन अंकांनी शोधते. तिला १,२९,९९९ दिला की ती पहिल्या स्वल्पविरामाशी थांबते आणि लाखाचा टीव्ही ₹१ ला विकायला ठेवते. किंमत पैशांत पूर्णांक म्हणून साठवा, दशांशात नको. हप्त्याची रक्कम, एक्सचेंजनंतरची किंमत आणि खोडलेली एमआरपी, हे तिन्ही आकडे किमतीच्या शेजारीच असतात आणि पानाची रचना बदलली की नेमके तेच उचलले जातात. पानातल्या स्कीमा-डेटामधली (यंत्रांसाठी लिहिलेली, पानावर न दिसणारी माहिती) किंमत सोपी वाटते, पण ती काही दुकानांत दिसणाऱ्या किमतीपेक्षा मागे असते. दोन्ही वाचा, फरक पडला तर दाखवू नका.

एक कुलूप लावाच: नवी किंमत आधीच्या ४० टक्क्यांखाली गेली तर ती आपोआप न चढवता माणसाकडे जावी. सेलमध्ये याने काही खऱ्या सवलती उशिरा दिसतील. दिसू द्या.

पिनकोडही महत्त्वाचा. ४११००१ ला मिळणारा भाव आणि घरपोच शुल्क ४४२६०५ ला लागू असेलच असं नाही. पिनकोड न विचारता 'घरपोच मोफत' लिहू नका.

---

फीडवाली

दुकानाच्या बाजूने लिहिते. बहुतेक तुलनावाले विचारतच नाहीत, थेट ओरबाडतात. लेखी मागितली तर मध्यम दुकानं आनंदाने फीड देतात, ग्राहक फुकट येतोय ना.

मागताना नेमकं मागा: वस्तूचा क्रमांक, बारकोड, ब्रँड, मॉडेल, एमआरपी, विक्री किंमत, साठा आहे-नाही, घरपोच शुल्क, पिनकोडचा गट, शेवटच्या बदलाची वेळ. दिवसातून एकदा पूर्ण फाइल आणि तासाला फक्त बदललेल्या ओळी.

करारात आम्ही काय बघतो? चूक कळवल्यावर किती वेळात काढणार, लोगो वापरणार की नुसतं नाव, करार संपल्यावर जुना डेटा पुसणार का. आणि सर्वात वर: हा डेटा तुम्ही आमच्या प्रतिस्पर्ध्याला विकणार आहात का? यावर गुळमुळीत उत्तर आलं की बोलणी तिथेच थांबतात.

---

काळाकोट

फीडवालीताईंचा शेवटचा मुद्दा फार मोलाचा. उद्या लागणारा सेलचा भाव आज फीडमध्ये येतो, कारण तुम्हाला पान तयार ठेवायचं असतं. तो भाव दुसऱ्या दुकानाच्या कानावर तुमच्याकडून गेला तर विषय स्पर्धा कायद्याच्या कलम ३ कडे जातो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्या धंद्यात नसलेला मधला माणूसही, संगनमतात सहभागी असेल तर, कक्षेत येतो. येऊ घातलेल्या किमती वेगळ्या तक्त्यात, वेगळ्या परवानगीने ठेवा.

फोटो आणि वर्णनाचं राहिलं. फोटो ही कलाकृती आहे, वर्णन ही साहित्यकृती. समीक्षेसाठी रास्त वापराची सूट व्यापारी तुलनेच्या पानाला मिळेलच यावर विसंबू नका. फीडमधले किंवा कंपनीने प्रसिद्धीसाठी दिलेले फोटो वापरा. वर्णन स्वतः लिहा, मराठीत लिहायचंच आहे तर लिहिलेलं बरं. यंत्राने केलेला अनुवाद म्हणजे स्वतः लिहिलेलं नव्हे, अनुवादाचा हक्कही मूळ मालकाचाच. ग्राहकांचे अभिप्राय उचलू नका, त्यात माणसांची नावं असतात आणि वैयक्तिक डेटाचा प्रश्न उभा राहू शकतो. ओळख पटवायला दुकानाचं नाव साध्या अक्षरात पुरतं. लोगो लावला की 'आमची मान्यता आहे' असा भास होतो.

---

ॲमस्टरडॅमकर

युरोपातली दुकानं घेणार असाल तर आणखी एक थर आहे. युरोपीय संघाच्या १९९६ च्या डेटाबेस निर्देशाने डेटाबेस बनवणाऱ्याच्या गुंतवणुकीला १५ वर्षांचं संरक्षण मिळतं. इनोवेब खटल्यात, डिसेंबर २०१३ मध्ये, गाड्यांच्या जाहिराती शोधून देणारी मेटासाइट अडचणीत आली. ग्राहकाचा प्रश्न ती जिवंत दुसऱ्याच्या डेटाबेसवर चालवत होती आणि मूळ साइटची जागाच घेत होती. २०२१ च्या सीव्ही-ऑनलाइन निकालाने जरा मोकळीक दिली: गुंतवणूक वसूल होण्याला धोका असेल तरच मनाई.

रायनएअर विरुद्ध पीआर एव्हिएशन (जानेवारी २०१५) तुमच्यासाठी सर्वात बोधक. तिथे विमानभाड्यांची तुलना होती. न्यायालय म्हणालं, डेटाबेसला या निर्देशाचं संरक्षण नसेल तर निर्देशातल्या वापरकर्त्याच्या सवलतीही लागू नाहीत, मग मालक कराराने हवी ती बंधनं घालू शकतो. म्हणजे संरक्षण कमी, तर अटी जास्त मोकाट.

---

मापात_पाप

क्रमवारीचा विषय कुणी काढला नाही. कमिशन जास्त देणारं दुकान वर ठेवायचं आणि वर 'सर्वोत्तम' लिहायचं, हे २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला चकवणारी मांडणी) मार्गदर्शक तत्त्वांत छुपी जाहिरात म्हणून बसू शकतं. ती ३० नोव्हेंबर २०२३ ची, त्यात १३ प्रकार आहेत. तुमच्या कामाचे तीन: छुपी जाहिरात, खोटी घाई आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं. दुकानाकडून आलेलं 'फक्त २ शिल्लक' तुम्ही पडताळलं नसेल तर छापू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २१ खाली १० लाखांपर्यंत दंड आहे.

हाताळणी शुल्क, प्लॅटफॉर्म शुल्क कार्टमध्ये गेल्यावरच दिसतं, म्हणून क्रम एकूण रकमेवर लावा. बँक कार्डाची सूट त्यात धरू नका, ती वेगळ्या ओळीत द्या, सगळ्यांकडे ते कार्ड नसतं. कमिशन मिळतं हे किमतीच्या जवळच सांगा. आणि ६ च दुकानं पाहिली असतील तर '६ दुकानांत सर्वात कमी' लिहा, 'भारतात सर्वात कमी' नको.

---

पावशेर

भरभरून मिळालं, सर्वांचे आभार. एवढं करूनही नोटीस आलीच तर पहिल्या दिवशी काय करायचं?

---

काळाकोट

त्या दुकानाचा क्रॉल लगेच थांबवा. नोंदी पुसू नका, कुठल्या वेळी किती विनंत्या केल्या हाच तुमचा बचाव. आक्षेप फोटोचा असेल तर तो तेव्हाच उतरवा. कॉपीराइट कायद्यात दुव्यांसाठीच्या तात्पुरत्या साठवणुकीला कलम ५२(१)(सी) ची सूट आहे. पण मालकाने स्पष्ट मनाई केली असेल तर ती मिळत नाही, आणि लेखी तक्रार आल्यावर २१ दिवस तो मजकूर बंद ठेवावा लागतो. तक्रार आल्यावर मजकूर बंद करायला नियमांत ३६ तास दिलेत. उत्तर वकिलाकडून जाऊ द्या, फोनवर कबुली देऊ नका.

---

बॅकएंडचा बंड्या

म्हणजे दर दुकानाला वेगळी कळ हवी. ती बंद केली की क्रॉल थांबला, साठवलेली किंमत लपली आणि पानावर नुसता दुवा उरला, हे तिन्ही एकदम. सर्व्हर नव्याने चढवावा लागत असेल तर रात्री दोनला कुणी चढवत नाही.

---

फीडवाली

आणि फीड चालू केल्यावर पहिली चाचणी वेळेची करा. शेवटच्या बदलाची वेळ आम्ही ग्रीनिच वेळेत देतो, तुम्ही भारतीय समजून वाचता, आणि आत्ताच बदललेली किंमत तुमच्या पानावर साडेपाच तास जुनी दिसते. उलटं झालं तर 'पाहिलेली किंमत: आज रात्री ९:१०' असं दुपारी पावणेचारलाच झळकतं. एक वस्तू निवडा, दुकानात तिची किंमत बदलायला सांगा आणि घड्याळ समोर ठेवून बघा.